मढं कोठे शे?

“मढं कोठे शे, माय?” वनरक्षकाने विचारलं. आवाजात अरेरावी नव्हती. वही गुडघ्यावर, पेनाचं टोपण दातांत, बोटं गारठ्याने आखडलेली. बुराई नदीच्या काठचं शेत होतं. कापूस वेचून झालेला, पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, आणि त्या मोकळ्या काळ्या रानात खतासाठी तीन रात्री बसवलेला साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचा वाडा. दोनशेच्या आसपास मेंढ्या, दोन घोडी, तीन कुत्री. पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं तेव्हा, लांडगा आला आणि वीस-बावीस दिवसांचं एक कोकरू घेऊन गेला. म्हातारी वाघर गुंडाळत होती. तिने हात न थांबवता, मान वर न करता उत्तर दिलं, “तेच लेवाले तं उना व्हता तो.” तेच न्यायला तर आला होता तो.

पोरं हसली. वनरक्षकही हसला. मग त्याचं पेन ‘मृतदेह आढळला का’ या रकान्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं.

विनोद म्हणून ते उत्तर तिथेच संपायला हवं होतं, पण ते संपत नाही. कारण भरपाईचा सगळा डोलारा मढ्यावर उभा आहे. वाघ, बिबट्या, अस्वल यांच्या जोडीने लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाईही महाराष्ट्रात मिळते. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, मढं पडल्या जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा, पशुवैद्यक किंमत ठरवणार, आणि मग बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जे कमी असेल ते पदरात. २०२४ पासून जनावराच्या कानात बारा आकडी बिल्लाही हवा. वाघाने गाय मारली तर हे सगळं नीट बसतं. गाय जड असते, ओढून नेली तरी फरफट दिसते, अर्धी खाऊन वाघ बाजूला होतो आणि रात्री परत येतो. बैल, गोऱ्हा, वगार, सगळ्यांचं काहीतरी मागे राहतं. लांडगा आणि कोकरू या जोडीचा विचार या कागदाने केलेलाच नाही. तीन आठवड्यांच्या कोकराच्या कानाला बिल्ला तरी कुठून असणार?

आपल्याकडचा लांडगा १७ ते २५ किलोचा. गावठी कुत्र्यापेक्षा उंच, पायांनी लांब, छातीने चिंचोळा. तीन आठवड्यांचं कोकरू फार तर पाच-सहा किलो भरतं. ते मानेला धरून, मान वर करून, तो सरळ पळत सुटतो. ओझं जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे फरफट उमटत नाही. जवळच्या नाल्यात उतरला की मागून येणाऱ्याला फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं, तेही उलट्या दिशेने. दख्खनच्या पठारावर लांडगीण साधारण डिसेंबर-जानेवारीत वीते. गाभण काळ ६२-६३ दिवसांचा. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आईबापांनी पोटात आणून ओकलेलं मटण खाऊ लागतात. म्हणजे ऐन कापूस संपायच्या दिवसांत, ज्या दिवसांत वाडे रानोरान बसलेले असतात, त्याच दिवसांत लांडग्याच्या ढोलीत तोंडं वाढलेली असतात. दोघांनी मिळून कोकरू खायला कितीसा वेळ लागतो? मागे राहते लोकरीची पुंजकी, एखादा खूर, रक्ताचा हाताएवढा डाग. तेवढं कोल्हा, मोकाट कुत्री आणि कावळे सूर्य वर यायच्या आत साफ करतात. पंचनाम्याला माणूस येतो साडेदहाला.

मढ्याचा हा पेच जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लांडग्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं १८७२ मध्ये. उद्यान झालं म्हणून लांडगा वाचला असं तिथेही घडलं नाही. उद्यानाच्या नोकरांनीच सापळे लावून आणि गोळ्या घालून त्याला संपवलं. शेवटची दोन पिल्लं १९२६ मध्ये सोडा ब्यूट ओढ्याजवळ मेलेल्या गव्याभोवती लावलेल्या सापळ्यात सापडली. आपल्याकडे त्या काळात सरकार दर लांडग्यामागे बक्षीस देत होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात सुमारे दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले, असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. दोन्हीकडे समजूत एकच होती. हरणं आणि गुरं राखायची तर दात असलेलं जनावर नको. फरक इतकाच की तिकडे लांडगा खरोखर संपला आणि आपल्याकडे, मारता मारता, उरला.

लांडगा परत आणायला अमेरिकेला जवळपास सत्तर वर्षं लागली. जानेवारी १९९५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हेलिकॉप्टरमधून गुंगीचं इंजेक्शन मारून चौदा लांडगे पकडले, पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून सतरा. पहिले आठ लांडगे उद्यानाच्या दारात पोचले आणि त्याच वेळी कोर्टाची स्थगिती आली. ती उठेपर्यंत जनावरं धातूच्या पेट्यांत तशीच कोंडून होती. आपल्या तहसिलीत चपला झिजवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मग बर्फातून खेचरांच्या घसरगाडीवर पेट्या नेऊन तीन ठिकाणी बांधलेल्या कुंपणांत त्यांना सोडलं. प्रत्येक कुंपण साधारण एकरभर, जाळी दहा फुटी, वरची कड आतल्या बाजूला वळवलेली, आणि तळाशी जाळीचाच पदर आत पसरलेला, म्हणजे उकरून निघता येऊ नये. रस्त्यावर गाडीखाली मेलेली एल्क हरणं आणि गवे आठवड्यातून एक-दोनदा आत टाकायचे आणि पाठ फिरवायची. असे दहा आठवडे. लांडग्याला उचलून नव्या रानात एकदम सोडलं तर तो घराच्या दिशेने शेकडो किलोमीटर चालत सुटतो. ती ओढ मोडायला हा मुक्काम होता. मार्चमध्ये फाटक उघडलं तर जनावरं बाहेरच येईनात. त्या फाटकातून माणसं आत यायची, म्हणून लांडगे त्या बाजूला फिरकत नव्हते. शेवटी दुसऱ्या बाजूने जाळी कापून भगदाड पाडलं, बाहेर मढं ठेवलं, तेव्हा ते निघाले. इतका पैसा, इतके शास्त्रज्ञ, आणि फाटक कुठे ठेवायचं हे चुकलं.

त्यांतला दहा नंबरचा नर महिन्याभरात उद्यानाबाहेर गोळी लागून मेला. त्याची मादी, नऊ नंबर, त्याच सुमारास उद्यानाबाहेरच एका झाडाखाली आठ पिल्लांना व्याली. ती पिल्लं उचलून परत कुंपणात आणली, वाढवली, सोडली. आज यलोस्टोनमध्ये शंभराच्या आसपास लांडगे आहेत. पुढची गोष्ट बहुतेकांच्या मोबाईलवर येऊन गेलेली आहे: लांडगे आले, हरणं पळाली, झाडं वाढली आणि नद्यांनी वाट बदलली. त्या चित्रफितीचं संगीत छान आहे. जमिनीवरचं इतकं साधं नाही. हरणांचे कळप घटले हे खरं, पण अस्वलं, पहाडी सिंह आणि शिकारी माणसं यांचाही त्यात वाटा होता. काही ओढ्यांकाठी विलोची झुडपं वर आली, कित्येक ठिकाणी वीस वर्षांनंतरही नाही. लांडगा नव्हता त्या दशकांत ओढ्यांवर बंधारे घालणारे बीव्हर प्राणीही गेले होते, त्यांचे बंधारे फुटून ओढे खोल गेले होते आणि पाणी झुडपांच्या मुळांपासून खाली सरकलं होतं. एक जनावर परत आणलं म्हणून खाली गेलेलं पाणी वर येत नाही. आपल्याकडे विहिरी उपसणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मला त्या चित्रफितीपेक्षा त्यांची भरपाईची खातेवही जास्त मोलाची वाटते.

लांडगे उद्यानात राहणार नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. कुंपणापलीकडे मेंढ्या आणि गुरं होती. एका खाजगी संस्थेने १९८७ पासूनच एक निधी काढला होता. लांडग्याने मारल्याची खात्री पटली तर पूर्ण किंमत, ‘बहुधा लांडगाच’ असं ठरलं तर अर्धी. हा ‘बहुधा’चा रकाना म्हणजे मोठीच गोष्ट. त्यानंतर आयडाहोच्या डोंगराळ कुरणांत वासरांना रेडिओ-टॅग लावून अभ्यास झाला. २००३ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की मालकाला लांडग्याने मारलेलं एक वासरू सापडतं, तेव्हा प्रत्यक्षात आठपर्यंत गेलेली असू शकतात. वासरू म्हणजे कोकरू नव्हे, आपल्या कोकराच्या कितीतरी पट मोठं जनावर, आणि तेही सापडत नव्हतं. शेजारच्या वायोमिंग राज्याने यातून सरळ हिशेब काढला. ठरलेल्या भागात एक मढं सिद्ध झालं, तर न सापडलेल्यांचं धरून सातपटीपर्यंत भरपाई. गुराखी खोटं बोलतील ही भीती त्यांनाही होती. तरी त्यांनी जंगलाचा स्वभाव आधी पाहिला, माणसाचा नंतर. सात हा आकडा इकडे जसाच्या तसा आणा असं म्हणणं नाही. उघड्या माळावर आणि झाडीच्या डोंगरावर मढं सापडायचं प्रमाण वेगळं असणार. पण मढं न सापडता गेलेल्या जनावरालाही कागदावर उभं राहायला जागा हवी, एवढं तरी त्यांनी मान्य केलं.

खानदेशात लांडगा परत आणायचा प्रश्नच नाही, कारण तो गेलेला नाही. त्याला राष्ट्रीय उद्यानही नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत मिळून राष्ट्रीय उद्यान एकही नाही. अभयारण्यं आहेत: सातपुड्याच्या कुशीत यावल, शिरपूरकडे अनेर, दक्षिणेला चाळीसगावच्या डोक्यावर गौताळा. पण यावलचं साग-अंजनाचं रान हा लांडग्याचा खरा मुलूख नाही. त्याला लागतो माळ. पवन्या-कुसळीचं गवत, तुरळक हिवर-बाभूळ, लांबवर दिसणारी जमीन, आणि ढोलीला एखादी मुरमाड दरड. असा माळ साक्रीपासून शिंदखेड्यापर्यंत, धुळ्याच्या लळिंग कुरणाच्या आसपास, गिरणेच्या दोन्ही अंगांना तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता आणि आहे. सातबाऱ्यावर आणि सरकारी नकाशावर त्याचं नाव ‘पडीक’. पडीक म्हटलं की तिथे काहीही करता येतं. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, साक्रीकडच्याच शिवाजीनगरला सौरपट्ट्या आल्या, कुठे चर खणून रोपं लावली. गवताच्या जागी झाड लावलं की ते हिरवं दिसतं म्हणून फोटोत बरं येतं, पण त्या खड्ड्यांमुळे माळावरचं जितराब आणि त्यावर जगणारी माणसं दोन्ही हटतात. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला आहे. देशात सगळे मिळून तीनेक हजार असतील, म्हणजे वाघांहून कमीच. वाघाला कोअर, बफर, सफारी. याला पऱ्हाटी उपटलेलं शेत आणि ठेलाऱ्याचा वाडा.

चिंकारा आणि काळवीट विरळ झाल्यावर इथला लांडगा मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. म्हणजे त्याचं उद्यान चालतं आहे ते मेंढपाळाच्या खर्चाने. धनगरवाड्यांवर ‘लांडग्याचा वाटा’ असा शब्द आहे आणि शहरातल्या निसर्गप्रेमींना तो फार आवडतो. वाटा देणाऱ्याला तो परवडतो का, हे त्या कौतुकात कोणी विचारत नाही. शंभर मेंढ्यांत वर्षाला दोन कोकरं गेली तर तो वाटा. एका थंडीत सात गेली तर कोणीतरी ढोलीच्या तोंडाशी पऱ्हाटी पेटवतं, दगड लोटतं. मेलेल्या मेंढीत औषध भरलं जातं तेही अशाच वेळी. पिकावर मारायचं औषध प्रत्येक गोठ्यात असतंच. त्यात लांडगा मरतो, तरस मरतं, गावची कुत्री मरतात.

वाड्याची राखण हे मोठं कसब आहे आणि ते बिघडतं ते बारीक गोष्टींनी. रात्री मेंढ्यांभोवती लावतात ती वाघर, म्हणजे सुताची किंवा आता नायलॉनची कंबरभर उंच जाळी. (नावात वाघ दिसला तरी शब्द संस्कृतातल्या ‘वागुरा’चा, जाळ्याचा.) चार-पाच पावलांवर एक मेख. मुरमाड जमिनीत मेख ठोकायला त्रास, पण बसली की बसली. काळ्या रानात ती दोन ठोक्यांत जाते आणि तितक्याच सहज सुटते, कारण थंडी सरता सरता ती माती भेगाळते. खालची कड सैल राहिली की लांडगा नाक घालून आत येतो. तो आत नाही आला तरी चालतं त्याला. त्याची चाहूल लागली की मेंढ्या एका बाजूला लोटतात, दोनशे मेंढ्यांचं वजन वाघरीवर पडतं, मेखा उपटतात, आणि अंधारात फुटलेल्या कळपातून त्याला हवी ती निवडता येते. म्हणून जाणती माणसं वाघर दुहेरी लावतात किंवा निदान नाल्याच्या अंगाला पऱ्हाटीचे भारे टेकवतात. लांडगा येतो तो वारा तोंडावर घेऊन, म्हणजे कुत्र्यांना त्याचा वास लागत नाही. वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला नाक कामाचं नसतं, कान लागतो. तिथे म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण, कारण झोप कमी. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. लुकलुकणारे दिवे हल्ली वाटतात, त्यांचा उपयोग पहिले काही दिवस होतो. दिवा रोज त्याच जागी लुकलुकला तर लांडगा त्यालाही चांदणीच समजू लागतो. दिव्याची जागा रोज बदलायची, ही गोष्ट दिव्यासोबत कोणी सांगत नाही.

कुत्र्यांचा आणखी एक धागा आहे. गावकुसाबाहेर कचऱ्यावर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या लांडग्याच्याच माळावर फिरतात, त्याने मारलेली शिकार खातात, त्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा साथीचा रोग) आणि रेबीज देतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पुढे आलं. जोडीदार मिळेनासा झाला की असं होतं. वाड्यावरच्या कुत्र्यांना लस टोचणं हे लांडगा वाचवायच्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम असेल, पण ते ज्या खात्याचं आहे त्याच्या यादीत लांडगा नाही, आणि ज्याच्या यादीत लांडगा आहे त्याच्याकडे लस नाही.

आणि कोकरं. वाघर कितीही घट्ट असली तरी कोकरं मेंढ्यांत ठेवत नाहीत, चेंगरतात. त्यांना पालाशेजारी डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकतात, वर दगड. तिथून लांडगा कोकरू नेत नाही. नेतो ते पहाटे, डालगी उचलून कोकरांना पाजायला सोडतात त्या अर्ध्या घटकेत. दोनशे मेंढ्या आणि साठ-सत्तर कोकरं एकमेकांना हाका मारत असतात, गोंधळ असतो, कुत्री रात्रभर भुंकून दमलेली असतात. बुराईच्या काठी तेच झालं होतं.

मढं नसलं तरी पुरावा असतो, तो उचलायचा कसा एवढंच शिकवावं लागेल. पाऊल दिसलं की त्यावर ताबडतोब घमेलं पालथं घालायचं, म्हणजे मेंढ्यांच्या खुरांनी ते जात नाही. मोबाईलने फोटो घेताना शेजारी काडेपेटी ठेवायची, मापासाठी. लांडग्याचं पाऊल कुत्र्याहून लांबट, पुढची दोन बोटं पुढे निघालेली. एकाच पावलावरून छाती ठोकून कोणी सांगू नये. पाठोपाठची वीस पावलं पाहावीत. कुत्रं हुंगत, वळत, मुततमातत जातं, लांडगा दोरी ओढल्यासारखा सरळ जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर. मढं असेल तर वर काटेरी फांद्या टाकून राखायचं आणि पशुवैद्यकाला मानेचं कातडं सोलून पाहायला सांगायचं. कातड्याखाली रक्त साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना दात लागले, नसेल तर मेलेलं कोणीतरी नंतर फाडलं. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीचे कान, पाय, शेपटी फाटलेली असते आणि खाल्लेलं फारसं नसतं. हे सगळं वनरक्षकाला कोणी शिकवलेलं नसतं असं नाही. त्याच्या वहीत त्याला रकाना नाही.

त्या सकाळी त्याने पेन पुन्हा टोपणात घातलं आणि विचारलं, कोकरू होतंच याला आधार काय? प्रश्न बरोबर होता. म्हातारीने वाघर खाली टाकली आणि कळपातून एक मेंढी मागच्या पायाला धरून ओढत आणली. मेंढी ओरडत होती, रात्र सरल्यापासून ओरडतच होती. कास तट्ट फुगलेली, सडांतून दूध ठिबकत होतं. वीस दिवसांची ओली कास आणि पिणारं कोणी नाही. म्हातारीने वनरक्षकाचा हात धरून कासेला लावला. तो शहरात वाढलेला पोरगा असावा, दचकला. मग त्याने ‘शेरा’ या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

कास अशी राहिली तर दगडी होते, मेंढीही जाते. मेलेल्या कोकराचं कातडं असतं तर ते दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधता येतं, आई वासाने फसते आणि पाजते. इथे कातडंही लांडग्याच्या पोटात. वाड्यात चार दिवसांपूर्वी मेंढी मेलेलं एक पोरकं कोकरू होतं, बाटलीवरचं. म्हातारीने त्या मेंढीचंच दूध पिळून त्याच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळलं, मेंढीचं डोकं गुडघ्यात दाबलं आणि कोकरू कासेला लावलं. मेंढीने मान सोडवून हुंगलं आणि ढुशी दिली. कोकरू दोन हातांवर जाऊन पडलं. म्हातारीने ते उचललं, पुन्हा दूध चोळलं, पुन्हा लावलं. घोड्यांवर डालगी चढत होती. तिने पोरांना हात करून थांबायला सांगितलं.